लाइपझिगच्या पूरवनात ओकसाठी झाडे का तोडतात?

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर लगेच लक्षात येईल. तुम्ही दोन वर्षांपासून जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये राहता आणि सुटीच्या दिवशी शहराला लागून असलेल्या पूरवनात, म्हणजे नदीच्या पुराच्या पाण्यावर पोसलेल्या जंगलात, फिरायला जाता. या फेब्रुवारीत, घुबडाचे चित्र असलेल्या पिवळ्या पाटीपासून, म्हणजे निसर्ग संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून, शंभरेक पावलांवर तुम्हाला ओंडक्यांची थप्पी, चिखलात उमटलेल्या यंत्राच्या चाकोऱ्या आणि कुंपणाच्या आत रांगेने लावलेली ओकची वीतभर रोपे दिसली. देवराईतून वाळकी काटकीही घरी न्यायची नाही, हे ऐकत वाढलेल्या माणसाने याला संरक्षण कसे म्हणावे, असे तुम्ही विचारले आहे. जोडीला दुसरा प्रश्न आहे: उन्हाळे इतके कडक होत असताना ओकचाच आग्रह कशासाठी?

गेली अठरा वर्षे मी एल्बे आणि तिच्या उपनद्यांच्या काठच्या जंगलांत काम करते; निम्मा वेळ आराखडे लिहिण्यात जातो आणि उरलेला रोपे मोजण्यात. तुम्ही पाहिलेला नेमका तुकडा माझ्या पाहण्यातला नाही, त्यामुळे तिथली तोड योग्य होती की नव्हती, याचा निवाडा मी करणार नाही. तो कसा करायचा, हे मात्र सांगता येईल.

‘तोडावे की तोडू नये’ असा वाद घातला की मूळ अडचण नजरेआड होते, असा माझा अनुभव आहे. हे जंगल नदीने घडवले आणि नंतर माणसाने त्याच्यापासून नदी तोडली. पुराचे पाणी येईनासे झालेले पूरवन जसेच्या तसे राखता येते का, आणि येत नसेल तर पाण्याची उणीव कुऱ्हाडीने किती भरून निघते, हा खरा प्रश्न आहे. माझे उत्तर असे की ती थोडीच भरून निघते, काही काळापुरती, आणि तीही काही अटी पाळल्या तरच.

आधी या जंगलाविषयी. व्हाइसे एल्स्टर, प्लाइसे आणि पार्टे या नद्या लाइपझिगमध्ये एकत्र येतात, आणि त्यांच्या पूरमैदानात सुमारे अडीच हजार हेक्टरांचे जंगल शहराच्या आरपार गेले आहे. अशा मैदानात नदीच्या अगदी काठाशी, जिथे पाणी कित्येक आठवडे उभे राहते, तिथे विलो आणि पॉप्लरसारखी मऊ लाकडाची झाडे येतात. त्याहून हात-दोन हात उंचावर, जिथे पूर चढतो पण लवकर ओसरतो, तिथे ओक, एल्म आणि अ‍ॅश यांचे कठीण लाकडाचे जंगल उभे राहते. (हा ओक आपल्या आडनावातला नव्हे, ज्याची फळे लांब देठावर लोंबतात तो युरोपातला ओक.) युरोपीय संघाच्या १९९२ च्या अधिवास निर्देशात या जंगलाला ९१एफ० असा स्वतंत्र क्रमांक आहे. तो असल्यामुळे सदस्य देशाने त्याला केवळ हात न लावणे पुरत नाही, तर तो अधिवास चांगल्या स्थितीत राहील हे पाहणेही त्याच्यावर बंधनकारक ठरते. उद्या ओकच्या जागी मेपलची गच्च राई उभी राहिली तर उपग्रहाच्या चित्रात हिरवाई तेवढीच दिसेल, पण ज्यासाठी पाटी लावली ती गोष्ट तिथे उरलेली नसेल.

देवराईशी तुम्ही केलेली तुलना मला महत्त्वाची वाटते, म्हणून तिच्यावर थोडे थांबते. देवराई टिकते ती तिला घडवणारा पाऊस आणि झरा तिथेच असल्यामुळे. लाइपझिगचे पूरवन मात्र न छेडलेले जंगल कधीच नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत इथे दुमजली पद्धतीने तोड होत असे. खालच्या थरातली हॉर्नबीम, लिंडन, एल्म यांसारखी झाडे दर वीस-तीस वर्षांनी बुडापासून तोडून जळणासाठी न्यायची आणि खोडांना पुन्हा फुटवे येऊ द्यायचे. वरच्या थरात मात्र मोजके ओक शंभर-दीडशे वर्षे राखायचे. आपल्या वनखात्याच्या भाषेत सांगायचे तर पाळीपाळीने कूप पाडायचे आणि त्यात राखीव झाडे ठेवायची. ओक राखण्यामागे इमारती लाकूड होते, कातडी कमावण्यासाठी लागणारी साल होती, आणि शरद ऋतूत गळणाऱ्या फळांवर पोसली जाणारी डुकरे होती. उत्तम हॅम (डुकराच्या मांडीचे मांस) ओकच्या झाडावर लागते, अशी एक जुनी जर्मन म्हणच आहे. क्रोएशियातल्या सावा नदीकाठी, लोन्स्को पोल्ये भागात, आजही पूरवनातल्या ओकच्या फळांवर डुकरे चरताना दिसतात.

इतकेच नाही, तर पायाखालची मातीही पूर्णपणे ‘नैसर्गिक’ नाही. मध्ययुगात नदीच्या वरच्या भागात जंगले तोडून शेती वाढली, उतारावरची माती पुराबरोबर खाली आली आणि मैदानात पोयट्याचा जाड थर साचला. आज ओकची मुळे ज्या भारी, सुपीक पोयट्यात आहेत, तो नांगराने खाली धाडला आहे. तेव्हा इथे माणसाला वजा करून मूळ निसर्ग कोणता, हे शोधायला निघालात, तर हातात फारसे काही लागणार नाही. उरतो तो एवढाच प्रश्न: यातले काय राखण्यासारखे आहे आणि ते कशामुळे टिकत होते?

ते टिकत होते पाणी आणि प्रकाश या दोन गोष्टींमुळे. दोन्ही गेल्या, त्यातले पाणी आधी गेले. नद्या सरळ केल्या, बांध घातले. १९३० च्या दशकात नवी लुप्पे नावाचा खोल कालवा खणून पुराचे पाणी शहराबाहेर झटपट काढून देण्याची सोय केली. शहराच्या दृष्टीने ते काम चोख झाले. पण खोल खणलेला कालवा पूर तर अडवतोच, शिवाय दोन्ही बाजूंचे भूजलही ओढून घेतो. दक्षिणेला लिग्नाइटच्या, म्हणजे तपकिरी कोळशाच्या, उघड्या खाणींनी नद्यांचे प्रवाह वळवले आणि पूरवनाचा लचका तोडला. आज जिथे लोक पोहायला जातात तो कोस्पुडेन तलाव अशाच एका खाणीचा खड्डा आहे. त्यानंतर जंगलात मोठ्या प्रमाणावर पाणी शिरल्याचे प्रसंग मोजकेच. जानेवारी २०११ आणि जून २०१३ च्या महापुरांत शहर वाचवण्यासाठी वायव्येकडच्या बंधाऱ्याचे दरवाजे उघडून बुर्गाउए भागात पाणी सोडण्यात आले, ते त्यातले ठळक.

पाणी थांबल्याचा परिणाम ओकवर थेट दिसत नाही, तो मेपलवर दिसतो. सिकॅमोर मेपल आणि नॉर्वे मेपल यांची रोपे दाट सावलीत वर्षानुवर्षे तग धरून राहतात, पण ऐन वाढीच्या हंगामात त्यांची मुळे दोन-तीन आठवडे पाण्याखाली गेली की ती दगावतात. ओकचे नेमके उलटे आहे: त्याला पाण्याखालचे पाय चालतात, डोक्यावरची सावली चालत नाही. जोवर पूर येत होता, तोवर नदी दर काही वर्षांनी मेपलची निंदणी करून जात असे. ती निंदणी थांबली आणि मेपलने जंगलाचा तळ व्यापला. शहराच्या दक्षिणेला पॉसनित्झ ओढ्यालगत एका छोट्या तुकड्यावर १९९० च्या दशकापासून मुद्दाम पाणी सोडले जाते. तिथे मेपलची रोपे कशी मागे हटतात आणि ओल मागणाऱ्या वनस्पती कशा परततात, हे पाहता येते. पाणी कोणत्या ऋतूत येते याला मोठे महत्त्व आहे. झाडे निद्रिस्त असताना, जानेवारीत आलेल्या पुराने मेपलचे फारसे काही बिघडत नाही. जूनच्या पुराने बिघडते. मात्र पानांसकट पूर्ण बुडालेले ओकचे कोवळे रोपही जूनचे पाणी फार दिवस सोसत नाही, हेही नोंदवून ठेवते, कारण ‘पाणी सोडा, सगळे ठीक होईल’ असे म्हणणारे लोकही मला भेटतात.

आता प्रकाश. हे सांगण्यापेक्षा दाखवणे सोपे आहे. ज्या वर्षी ओकला भरघोस फळे येतात, त्याच्या पुढच्या मे महिन्यात एखाद्या जुन्या ओकखाली गुडघे टेकून बसा आणि रानलसणाची पिवळी पडू लागलेली पाने बाजूला करा. बोटाएवढी रोपे सापडतील, वर चार-पाच लालसर पाने आणि खाली मातीत अजून चिकटलेले फुटके फळ. पहिल्या वर्षी रोप त्या शिदोरीवर जगते, म्हणून पाहणाऱ्याला वाटते की ओकचे पुनरुज्जीवन झकास चालले आहे. मी अशा रोपांना रंगीत तारा बांधून ठेवते. दुसऱ्या वर्षी पानांवर पांढरी भुरी येते. ही भुरी युरोपात विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात शिरली आणि तिने ओकच्या रोपांची सावली सोसण्याची उरलीसुरली ताकदही घटवली. सावलीतले रोप भुरीने गेलेली पाने पुन्हा काढू शकत नाही. शेंडा रो नावाच्या लहान हरणाने खाल्लेला असतो. तिसऱ्या-चौथ्या वर्षी मी जाते तेव्हा बहुतेक ठिकाणी तार असते, रोप नसते. बंद छताखाली ओक रुजत नाही असे नाही; तो रुजतो आणि मरतो. जुनी दुमजली तोड थांबून उंच, दाट जंगल वाढवण्याची पद्धत आल्यापासून, म्हणजे साधारण दीडशे वर्षांपासून, हे चालू आहे. म्हणून म्हातारे ओक भरपूर आणि तरुण ओक नावाला, अशी या जंगलाची वयाची उतरंड झाली आहे.

याच कारणाने संरक्षित क्षेत्रातही मोकळ्या जागा पाडल्या जातात. ओकला वर यायचे तर साधारण झाडाच्या उंचीएवढा किंवा त्याहून अधिक रुंद उघडा तुकडा लागतो. व्यवहारात तो पाव ते अर्धा हेक्टर असतो. त्याहून लहान भोक दहा वर्षांत शेजारच्या फांद्यांनी बुजते आणि आतला ओक पुन्हा सावलीत जातो. तुम्हाला जो तुकडा अंगावर येण्याइतका मोठा वाटला, तो ओकच्या दृष्टीने बहुधा जेमतेम असेल.

इथपर्यंत मी तोडीची बाजू मांडली. पण तोड सरसकट योग्य, असे माझे म्हणणे नाही, आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांत तर माझे मत बरेच बदलले आहे. अ‍ॅशवर आलेल्या रोगाने ते बदलले. एक बुरशी गेल्या वर्षीच्या गळलेल्या पानांच्या देठांवर वाढते, तिचे बीजाणू उन्हाळ्यात वाऱ्याबरोबर नव्या पानांवर बसतात आणि तिथून फांद्यांत उतरतात. पोलंडमध्ये १९९० च्या दशकात हा रोग लक्षात आला आणि आता बहुतेक युरोपभर आहे. पूरवनात अ‍ॅश हे सर्वांत विपुल झाडांपैकी एक असल्यामुळे छताला आपोआप भोके पडत आहेत. त्यात २०१८ पासूनच्या सलग कोरड्या उन्हाळ्यांनी सिकॅमोर मेपलवर काजळीसारखा रोग आणला. साल सुटून पडते आणि खाली काळ्या भुकटीचा थर दिसतो. (त्या भुकटीत हात घालू नका, जवळ जाऊन श्वासही घेऊ नका, ते बीजाणू फुप्फुसांना अपायकारक असतात.) मग प्रकाश फुकट मिळत असताना धडधाकट झाडे तोडून नवी मोकळी जागा कशासाठी पाडायची? माझ्या आराखड्यांत आता पहिला नियम असा असतो की आधी अ‍ॅशच्या मरणाने उघडलेल्या जागा वापरायच्या, आणि त्या संपेपर्यंत निरोगी छताला हात लावायचा नाही. हे सगळ्यांना पटत नाही. मेलेल्या अ‍ॅशची मुळे कुजून झाड अचानक कोलमडते, त्यामुळे तिथे काम करणाऱ्या मजुरांना धोका असतो, आणि त्या जागा नकाशावर आखीव नसल्यामुळे कुंपण महाग पडते. दोन्ही आक्षेप खरे आहेत; तरीही माझा कल तिकडेच आहे.

इथे माझी एक चूक सांगते. सुरुवातीच्या वर्षांत एका सरकारी विभागासाठी आम्ही अर्ध्या हेक्टरवर दोन हजार ओक लावले. जागा मोकळी होती, माती उत्तम होती, रोपे रोपवाटिकेतून नीट आली होती. हिवाळ्यात कुंपणाबाहेरच्या मेलेल्या अ‍ॅशची फांदी तारेवर पडली. कुंपणाची पाहणी दर महिन्याला व्हायची असे कागदावर होते. प्रत्यक्षात ती मे महिन्यात झाली. तोवर रो हरणे आत जाऊन बसली होती, आणि कुंपण असल्यामुळे त्यांना कुत्र्यांचाही त्रास नव्हता. वाचलेली रोपे पुढच्या दोन उन्हाळ्यांत खाजकुयलीसारख्या झोंबणाऱ्या नेटल आणि काटेरी ब्रॅम्बलखाली गेली, कारण निंदणीचा पैसा पुढच्या आर्थिक वर्षात ढकलला गेला होता. चौथ्या वर्षी मी मोजणी केली तेव्हा ओकपेक्षा मेपल अधिक उंच होते. दोष हरणांचा नव्हता. आम्ही तोडणी आणि लावणी यांची तरतूद केली होती, सांभाळण्याची केली नव्हती. निदान दहा वर्षांच्या निंदणीचे पैसे हाताशी नसतील, तर ओकसाठी जागा पाडूच नये, असे मी तेव्हापासून लिहून देते.

आणखी एक अट माझ्या दृष्टीने अटळ आहे: ओकच्या नावाखाली जुना ओक तोडला जाता कामा नये. ओक वाचवायचे ते निव्वळ ओकसाठी नसते, त्यावर अवलंबून असलेल्यांसाठी असते. मोठ्या मिशांचा काळा भुंगेरा, ज्याला जर्मनीत हेल्डबॉक म्हणतात, त्याच्या अळ्या उन्हात उभ्या असलेल्या जुन्या ओकच्या लाकडात तीन ते पाच वर्षे वाढतात. देसाऊ आणि वर्लित्झच्या बाजूला एल्बेच्या कुरणांतल्या एकट्या उभ्या ओकांवर अंगठा जाईल एवढी त्याची भोके मी पाहिली आहेत. हर्मिट नावाचा दुसरा भुंगेरा झाडाच्या ढोलीत साचलेल्या लाकडाच्या भुशातच राहतो आणि आयुष्यात फार लांब उडत नाही. त्याची ढोली गेली आणि जवळ दुसरी नसली, की त्याची वस्तीच संपते. मधला ठिपकेदार सुतार पक्षी जुन्या ओकच्या खरबरीत सालीच्या भेगांत कीटक टिपत हिंडतो. आज लावलेल्या रोपाला अशी साल यायला शंभरेक वर्षे आणि ढोली यायला दीडशे-दोनशे वर्षे लागतील. त्या मधल्या काळाचा पूल आजचे म्हातारे, अर्धे वाळलेले, अगदी मेलेले ओकच बांधू शकतात. त्यांना तोडून रोपे लावणे म्हणजे धान्याचे कोठार विकून बियाणे घेण्यासारखे आहे.

अशी तोड कायद्यात बसते का, हेही तुम्ही ओझरते विचारले आहे. २०२० मध्ये सॅक्सनी राज्याच्या उच्च प्रशासकीय न्यायालयाने लाइपझिगच्या पूरवनातली नियोजित तोड थांबवली होती. युरोपीय संरक्षण असलेल्या क्षेत्रात अशा आराखड्याचे परिणाम आधी तपासायला हवेत आणि मान्यताप्राप्त निसर्गसंस्थांना त्यात सहभाग मिळायला हवा, असा त्याचा आधार होता. काही लोकांनी याचा अर्थ ‘न्यायालयाने ओकची तोड बेकायदा ठरवली’ असा घेतला. तसा तो नाही. हेतू चांगला आहे म्हणून तपासणीतून सूट मिळत नाही, एवढा त्याचा अर्थ, आणि माझ्या मते तो बरोबर आहे. आमच्या क्षेत्रातल्या अनेकांना तो निर्णय अडथळा वाटला, मला तसा वाटला नाही.

मग काहीच न करणे हा पर्याय नाही का? आहे, आणि काही भागांत तो अवश्य निवडावा. ऱ्हाइनवर क्यूकॉप्फ नावाचे बेट आहे. १९८३ च्या पुराने तिथले बांध फोडल्यावर ते पुन्हा बांधले नाहीत, शेती सोडून दिली आणि मोठा भाग त्याच्या मनाप्रमाणे वाढू दिला. पण तिथे नदी अजून येते. जिथे घडवणारी शक्तीच काढून घेतली आहे, तिथे हात मागे घेणे हाही एक हस्तक्षेपच असतो आणि त्याचेही परिणाम होतात. भरतपूरचे उदाहरण आपल्या वाचकांना ठाऊक असेल: १९८२ च्या सुमारास तिथे म्हशींची चराई बंद केली, आणि पाणथळीत पॅस्पॅलम गवत इतके माजले की पाणपक्ष्यांनाच जागा उरेना. तरीही लाइपझिगच्या जंगलाचा काही हिस्सा कायमचा अस्पर्श ठेवायला हवा, असे मी आग्रहाने म्हणेन, कारण आमची तोड खरोखर उपयोगी पडते की नाही, हे ताडून पाहायला न तोडलेला तुकडा शेजारी लागतोच.

पाणी परत आणणे हा सर्वांत चांगला उपाय, आणि सर्वांत अवघडही. एल्बेवर त्याची उदाहरणे आहेत. लेन्झेनजवळ बांध मागे सरकवून २००९ मध्ये सुमारे ४२० हेक्टर जमीन नदीला परत दिली. पुढे लोडेरित्झच्या जंगलातही तसेच करून सुमारे ६०० हेक्टर पूरमैदान पुन्हा खुले झाले, आणि तिथे तर उभे जुने पूरवनच पाण्याला परत मिळाले. वरच्या ऱ्हाइनवर आल्टेनहाइम इथे पूर साठवण्याच्या क्षेत्रात मधूनमधून मुद्दाम थोडे पाणी सोडतात, म्हणजे झाडांना पुराची सवय राहते. सवय हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. चाळीस-पन्नास वर्षे कोरड्या राहिलेल्या जागी मोठा पूर अचानक आला, तर त्या काळात शिरलेले मेपल, बीच, चेरी तर मरतातच, पण उथळ मुळे सोडून बसलेल्या जुन्या झाडांनाही तो मानवत नाही. लाइपझिगमध्ये अडचण अशी की नदीपात्र खोल गेले आहे, मधे पोयट्याचा चिवट थर आहे आणि भोवती सहा लाखांहून अधिक वस्तीचे शहर आहे. जुने कोरडे ओहोळ पुन्हा वाहते करणे, ठराविक काळी दरवाजे उघडणे, नवी लुप्पे जिथे शक्य तिथे उथळ करणे, असे टप्प्याटप्प्यानेच जावे लागेल. त्याला काही दशके लागतील, आणि तोवर ओकची एक पिढी तयार ठेवणे, एवढेच कुऱ्हाडीचे काम आहे.

ओकच का, याचे उत्तर आता थोडक्यात देता येईल. पूर आणि अवर्षण दोन्ही सोसणारी, शिवाय इतक्या प्रकारच्या कीटकांना आसरा देणारी मोठी झाडे मध्य युरोपात फार नाहीत. तो अजिंक्य आहे असे नाही. २०१८ नंतर जुने ओकही वाळताना मी पाहिले, विशेषतः जिथे भूजल खाली गेले तिथे. आणि क्रोएशियात, जिथे स्पाच्वा खोऱ्यात सुमारे ४०,००० हेक्टरांवर याच ओकची जंगले आहेत, तिथे २०१३ मध्ये अमेरिकेतून आलेला पाने शोषणारा एक किडा सापडला. म्हणून निव्वळ ओकची लागवड मी सुचवत नाही. सोबत हॉर्नबीम, फील्ड मेपल, रानसफरचंद आणि फडफडत्या फुलांचा एल्म असावा. या एल्मकडे रोग पसरवणारे भुंगेरे फारसे फिरकत नाहीत, म्हणून तो इतर एल्मपेक्षा बरा टिकतो. निरोगी राहिलेला एखादा अ‍ॅश दिसला तर तो तर काही झाले तरी ठेवावा, कारण त्याच्या बियांत रोगाला तोंड देण्याची ताकद असू शकते.

आता तुमच्या तुकड्याकडे. पुन्हा गेलात तर बुंध्यांच्या कापलेल्या टोकांकडे पाहा. ओकच्या लाकडात गडद तपकिरी गाभा, भोवती बोटभर फिकट कडे आणि मध्यापासून बाहेर जाणाऱ्या चमकदार रेषा स्पष्ट दिसतात. मेपल आणि बहुतेक अ‍ॅश फिकट असतात. थप्पीत जाड, निरोगी ओक दिसले, तर कारण विचारा. उभी मेलेली झाडे आणि ढोल्या असलेली खोडे सोडली आहेत का, हे पाहा. चाकोऱ्या ठराविक वाटेपुरत्या आहेत की सगळ्या तुकड्यात पसरल्या आहेत, हेही पाहा, कारण ओल्या पोयट्यावर एकदा यंत्र फिरले की माती दबून राहते आणि तिथे पुढे वर्षानुवर्षे पाणी मुरत नाही. गोठलेली जमीन नसताना, भर चिखलात यंत्र घातले असेल तर ती चूकच, मग हेतू कितीही चांगला असो. कुंपणाला भगदाड नाही ना, हे पावलोपावली तपासा. आणि जूनमध्ये परत जा. तेव्हा कुंपणात कुणी निंदणी केलेली दिसली, तर त्या लोकांनी लावलेल्या रोपांची जबाबदारी घेतली आहे, असे समजायला हरकत नाही.

ओंडक्यांचे फोटो काढलेत तर इथे टाका. एक कापलेल्या टोकाचा आणि एक सालीचा, शेजारी हाताचा पंजा ठेवून, म्हणजे जाडीचा अंदाज येईल. कोणती झाडे होती आणि त्यांतली आजारी कोणती, हे बहुतेक करून सांगता येईल.